शेवटी चालणारी

प्रयोगशाळेतल्या ओव्हनवरचा तांबडा दिवा मोहरीच्या दाण्याएवढा आहे. वेळ भरली की तो लुकलुकतो आणि त्याच वेळी ओव्हन बारीक आवाजात पिकपिकतो. गेल्या काही महिन्यांत तिने आपलं टेबल दोनदा सरकवून घेतलं होतं, दोन्ही वेळा उजेडाचं कारण सांगून. आता पाण्याच्या नमुन्यांवरून मान वर केली की तो दिवा सरळ डोळ्यांसमोर येई. ओव्हन वाजू लागला की सगळ्यांच्या आधी तीच उठत असे. ‘मॅडमचं लक्ष म्हणजे लक्ष,’ असं हाताखालच्या मुली म्हणत.

तिला तो आवाज ऐकू येत नव्हता.

बोलणं ऐकू येई. फोन, रस्त्यावरचे हॉर्न, वरच्या मजल्यावरची भांडणं, सगळं येई. गेलं होतं ते फक्त वरचं, बारीक आणि टोकदार. कानाच्या डॉक्टरांनी आलेख पुढे ठेवला, तेव्हा त्यातली रेघ डावीकडून सरळ चालत आली होती आणि उजवीकडे कड्यावरून पाय घसरावा तशी खाली गेली होती. आयुष्यभर आलेख वाचलेल्या बाईला हा कुणी समजावून द्यायची गरज नव्हती.

“मशीन लावा. थोड्या दिवसांनी सवय होते,” डॉक्टर म्हणाले.

“विचार करते,” ती म्हणाली. त्याला वर्ष होत आलं. विचार चालूच होता.

नवऱ्याला तिने एवढंच सांगितलं की कानात मळ होता. तो खुर्चीतून न उठता म्हणाला, “मग आता माझं ऐकशील.” ती हसली होती. विनोद ठीक होता, पण त्या हसण्याचा तिला पुढे बरेच दिवस राग येत राहिला.

प्रयोगशाळेत ती मॅडम होती. फिरायच्या गटात मात्र सगळ्यांचीच वहिनी, कारण गट तिच्या धाकट्या दिराचा. दीर दाताचे डॉक्टर. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा ते आपल्या ओळखीपाळखीची दहा-बारा माणसं गोळा करून डोंगरात नेत. त्यात एक बँकेतले कॅशियर होते, एक टेलरताई होत्या, दोघं-तिघं डॉक्टरांचे जुने पेशंट होते. ‘ह्यांचे दात मी धरून ठेवलेत, जातील कुठे,’ असं डॉक्टर म्हणायचे. पुढे डॉक्टर आणि शेवटी वहिनी, ही रांग ठरलेली होती. शेवटी चालणाऱ्याला गटात ‘शेपूट’ म्हणत, आणि तो मानाचा शब्द होता. शेपटाच्या मागे कुणीही राहता कामा नये. कुणी आडोशाला गेलं तर ते बाहेर येईपर्यंत शेपूट हलत नाही. एक शिट्टी म्हणजे थांबा, दोन म्हणजे चला, तीन म्हणजे मदत हवी. हे सगळे नियम तिनेच बसवलेले होते. डॉक्टर पुढे चालायचे ते तिच्या भरवशावर, हे ते स्वतःच चारचौघांत सांगत.

मध्यंतरी एकदा विसाव्याला तिने सगळ्यांना पक्ष्यांविषयी सांगितलं होतं. पूर्वी ह्या रानात किती किलबिल असे आणि आता कशी थांबली आहे. फवारणीची औषधं, किडे कमी होणं, किड्यांवर जगणारी पाखरं कमी होणं. ती मोजूनमापून बोलली आणि सगळे गंभीर होऊन ऐकत राहिले. कॅशियरांनी तर हातातलं बिस्किट खाली ठेवलं. फक्त टेलरताई डोक्यावरच्या फांदीकडे बघत होत्या, आणि त्यांची नजर काहीतरी शोधत असल्यासारखी इकडून तिकडे उडत होती. त्या का बघत होत्या हे तिला आलेख हातात आल्यावर कळलं. पाखरं तिथेच होती. भर किलबिलाटात बसून तिने त्यांच्या नाहीशा होण्यावर व्याख्यान दिलं होतं, आणि तिच्या शिक्षणाचा मान राखून माणसांनी आपल्या कानांवर अविश्वास दाखवला होता.

तरी तेव्हा कुणाचं काही बिघडलं नव्हतं. बिघडलं ते मागच्या फेरीत.

उतारावर टेलरताई खडकांच्या मागे गेल्या. ती वाटेवर थांबली. ढग खाली आला आणि पुढचं-मागचं दिसेनासं झालं. त्या खडकांमागून एक आडवाट पुढे निघते, बरेच जण तिकडूनच रांगेला मिळतात. थोड्या वेळाने ढग जरा फाटला, पुढच्या वळणावर टेलरताईंचा होता तसा निळा रेनकोट दिसला आणि त्या पुढे गेल्या असं समजून ती चालू लागली. निळा रेनकोट दुसऱ्याच कुणाचा होता. खाली विसाव्यावर डॉक्टरांनी माणसं मोजली तर एक कमी भरलं.

सगळे परत चढले तेव्हा टेलरताई दोन दगडांच्या मधे बसलेल्या होत्या. घोटा सुजून टरारला होता, ओठ काळेनिळे पडले होते आणि शिट्टी अजून दातांतच होती.

“शिट्टी नाही फुंकलीत?” डॉक्टरांनी विचारलं.

“फुंकली की. लई वेळ फुंकली.”

सगळ्यांनी वहिनींकडे पाहिलं.

“मला नाही ऐकू आली,” ती म्हणाली.

वाक्य अचूक होतं. पण अचूक असणं आणि खरं असणं ह्यांत केवढं अंतर असतं ते ती त्या क्षणी घोट्याला पट्टी गुंडाळता गुंडाळता शिकली. “वारा उलटा असेल,” मागून कुणीतरी म्हणालं. वारा उलटा नव्हता. खडकांकडून वाटेकडेच वाहत होता, तिच्या मानेवरचे केस त्याने सारखे पुढे येत होते. पट्टीचं टोक खोचत ती गप्प राहिली.

“माझ्याच फुंकण्यात दम नसेल,” टेलरताई म्हणाल्या. “दिवसभर बसून काम. छाती कुठली चालतीय.”

आणि ते तसंच ठरून गेलं. पुढच्या फेरीच्या निरोपात डॉक्टरांनी लिहिलं, ‘शिट्टी फुंकायचा सराव करून येणे. पोटातून फुंकावी.’ नाव कुणाचं घातलं नव्हतं. घालायची गरजही नव्हती.

आता उद्या पुन्हा निघायचं होतं. निघायच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टरांच्या दवाखान्यात झडती असायची. शेवटचा पेशंट गाल धरून बाहेर पडला की बाहेरच्या खोलीतल्या खुर्च्या भिंतीला लावायच्या, जमिनीवर चादर अंथरायची आणि प्रत्येकाने आपली पाठपिशवी तिच्यावर ओतायची. काय आहे, काय नाही, हे सगळ्यांच्या देखत बघायचं. हवेत लवंगेच्या तेलाचा वास असे आणि भिंतीवर दाढेचं मोठं चित्र.

“चला, आ करा,” डॉक्टर कॅशियरांच्या पिशवीपुढे उकिडवे बसले. “बॅटरी?”

“मोबाइलमध्ये आहे.”

“मोबाइल संपला की?”

“मग तुमच्यामागून चालेन, तुमचं टक्कल चमकतं.”

“टक्कल ढगात चमकत नाही. उद्या वेगळी बॅटरी आणि जादा सेल, नाहीतर घरी बसा. हे काय? बूट नवे?”

“आजच घेतले. खास उद्यासाठी.”

“म्हणजे उद्या टाचेला फोड, परवा माझ्या डोक्याला. जुने घाला. पाणी एवढंच? दोन बाटल्या पाहिजेत. आणि ही अत्तराची बाटली कुणासाठी?”

“माश्यांसाठी.”

“माश्या येतील ह्याने. घरी ठेवा.”

सगळे हसले. तीही हसली. कोपऱ्यातल्या बाकावर एक वयस्क बाई पदर सावरून बसली होती आणि भिंतीवरच्या दाढेकडे संशयाने बघत होती.

“ही माझी आई,” टेलरताई तिला म्हणाल्या. “उद्या येतीय. वरचं तळं बघायचं म्हणून वर्षभर मागं लागलीय. डॉक्टरांनी तपासून हो म्हटलंय. चाल बारीक आहे, पण चालते.”

“मला वाटलं दात काढायला आणलं,” आई म्हणाल्या. “म्हटलं, आता उरलेत किती, राहू दे की.” मग आवाज खाली आणून तिला म्हणाल्या, “तुम्हीच ना शेवटी चालणाऱ्या वहिनी? मग तुम्हालाच सांगून ठेवते. मला दर थोड्या वेळानं आडोसा लागतो. लाज वाटते हो सारखं सारखं सांगायला. हिला म्हटलं, मी नकोच येऊ. तर ही म्हणते, वहिनी मागं असल्या की घोर नाही.”

“सांगत जा. त्यात लाज कसली,” ती म्हणाली. आपलाच आवाज तिला परक्या बाईसारखा वाटला.

“मी बसेन तिकडे, पण उठताना गुडघा धरतो. तेव्हा ह्यात फुंकेन.” आईंनी गळ्यातली केशरी शिट्टी दाखवली. तिला टेलरताईंनी जाड दोरा ओवून दिला होता, दोऱ्याच्या टोकाला दुहेरी टीप घातलेली. “फुंकून बघितलं घरी. शेजारचे धावत आले.”

केशरी शिट्ट्या सगळ्यांच्याच गळ्यात होत्या. डॉक्टरांनी मुद्दाम मागवल्या होत्या. आत मणी नव्हता, त्यामुळे भिजली तरी वाजायची, आणि आवाज पूर्वीच्या शिट्टीपेक्षा बारीक. “टोचतो अगदी कानात,” कॅशियर म्हणाले आणि त्यांनी तिथल्या तिथे फुंकून दाखवली. खोलीतल्या सगळ्यांनी चेहरे वाकडे केले. तिनेही केला, किंचित उशिराने. एका खोटेपणावर उपाय म्हणून माणसांनी खर्च केला होता, विचार केला होता, सराव केला होता, आणि जुन्या शिट्टीचं जे थोडंफार तिच्या कानापर्यंत पोहोचलं असतं तेही ह्या नव्या शिट्टीने काढून घेतलं होतं.

तिची स्वतःची पिशवी चादरीवर सगळ्यात नीट मांडलेली होती. प्रथमोपचाराचा डबा, साखर-मिठाची पुडी, कोरडे मोजे, पातळ दोर, नकाशा प्लास्टिकमध्ये. डॉक्टर तिच्या पिशवीपाशी कधी बसत नसत. “इथे काय बघायचं,” म्हणून पुढे सरकत. आजही सरकले. तिच्या पिशवीत काय नाही, ते चादरीवर ओतून दिसण्यासारखं नव्हतं.

“घरी कोण कोण सांगून आलंय?” त्यांनी सगळ्यांना विचारलं. “कुठली वाट, कधी परत, हे घरात एका माणसाला तरी ठाऊक पाहिजे. हवेचा अंदाज मी बघितलाय, दुपारनंतर ढग आहे. ढग आला की दिसणं संपलं, मग कानावर काम.” ते उठून उभे राहिले. “म्हणून आता चाचणी. वहिनींचाच नियम आहे, आधी तपासा, मग भरवसा ठेवा. टेलरताई, तुम्ही गच्चीवर जा. वहिनी, तुम्ही बोळाच्या टोकाला, पाठ करून. रानात कोण तोंड बघून फुंकतंय? ऐकू आली की हात वर. तीन वेळा करू.”

“कशाला उगाच,” ती म्हणाली.

“ह्यांच्यासाठी,” डॉक्टर हळूच म्हणाले आणि त्यांनी टेलरताईंकडे मान केली. “मागच्या वेळेपासून फार मनाला लावून घेतलंय त्यांनी. एकदा तुमचा हात वर गेलेला बघू देत.”

टेलरताई जिन्यावर चढतही होत्या. जाता जाता वळून म्हणाल्या, “रोज सकाळी सराव करते, वहिनी. मशीनवर बसायच्या आधी. खालचे भाडेकरू वैतागलेत, पण म्हटलं, पुन्हा तुम्हाला तसं परत चढायला लागायला नको.”

बोळाच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं बंद दुकान होतं. त्याच्या पायरीवर एक तपकिरी कुत्रं पाय ताणून झोपलं होतं. संध्याकाळचा उजेड अजून होता. ती दवाखान्याकडे पाठ करून उभी राहिली, आणि उभं राहता राहताच तिच्या लक्षात आलं की आपण नेमक्या कुत्र्याच्या समोर उभ्या आहोत. हे तिने ठरवलं नव्हतं. टेबल सरकवताना ठरवावं लागलं होतं, आता तशी गरज उरली नव्हती, पाय आपोआप जात.

कुत्र्याने डोळे उघडले. दोन्ही कान उभे झाले आणि तिच्या खांद्यावरून ते मागे वर बघू लागलं.

तिने हात वर केला.

मागून डॉक्टरांचा आवाज आला, “शाबास.” तो चांगला ऐकू आला. जाड होता.

कुत्र्याने मान खाली ठेवली. थोड्या वेळाने पुन्हा कान उभे. तिने हात वर केला. चाळीस वर्षं उपकरणांवर काम केलेल्या बाईने आज कुत्र्याचं उपकरण केलं होतं, आणि उपकरण चोख होतं.

मग कुत्रं उठलं. त्याला तो आवाज आवडला नसावा. त्याने अंग झाडलं, तिच्याकडे एकवार पाहिलं आणि दुकानाला वळसा घालून ते निघून गेलं.

पायरी रिकामी झाली. समोर कुणी नव्हतं, खिडकीत नाही की रस्त्यावर नाही. मागे शांतता होती. ती कसली शांतता होती हे जाणून घ्यायला तिच्यापाशी काही साधन उरलं नव्हतं. शिट्टी होऊन गेली असेल. व्हायची असेल. आत्ता चालू असेल, नव्या फुप्फुसांच्या सगळ्या जोराने. वळून बघता येत नव्हतं. तिने मनातल्या मनात मागच्या दोन शिट्ट्यांमधलं अंतर धरलं, तेवढं थांबली आणि हात वर केला.

मग उद्याचा ढग तिच्या डोळ्यांपुढे आला. त्यात कुत्रं नव्हतं.

ती परत आली तेव्हा टेलरताई गच्चीवरून उतरल्या होत्या. चढउताराने दम लागला होता आणि चेहरा फुलला होता. मात्र कॅशियर डोकं खाजवत होते.

“शेवटचा हात जरा लवकर गेला, नाही का?” ते म्हणाले. “मी खालून बघत होतो. ताईंनी शिट्टी तोंडाला लावलीच नव्हती.”

“लावली नव्हती?” डॉक्टरांनी विचारलं.

तिने तोंड उघडलं. ‘वारा असेल’ हे शब्द जिभेवर येऊन बसले होते, वापरून वापरून गुळगुळीत झालेले.

“नाही, नाही,” टेलरताईच घाईने म्हणाल्या. “लावत होतेच मी. श्वास जरा आधी सुटला असणार माझा. अजून सवय नाही ना. वहिनींचा कान तिखट, त्यांनी तेवढंही धरलं. चूक माझीच.”

“असेल, असेल,” डॉक्टर म्हणाले. “श्वास धरून ठेवायचा हो, ताई. चला, म्हणजे शिट्टीचं काम झालं. आईंना आपण वहिनींच्या पुढ्यातच ठेवू. आडोशाला थांबल्या, गुडघा धरला, काही झालं तरी फुंकायचं. वहिनी आहेतच.”

टेलरताई आईच्या पायाशी बसून शिट्टीची गाठ पुन्हा एकदा ओढून बघत होत्या. “बघ, आई,” त्या म्हणत होत्या, “ही अशी तोंडात धरायची. घाबरायचं नाही. फुंकत राहायचं. वहिनी येतातच.” आई मान हलवत होत्या, शाळेत पहिल्या दिवशी पोरं हलवतात तशी.

ती चादरीपाशी उभी होती. आपल्या नीट मांडलेल्या सामानाकडे तिला बघवत नव्हतं. काहीतरी सबब सांगून येणंच टाळता येईल, हा विचार तिच्या मनात येऊन गेला. ताप सांगता येईल, नाहीतर कामाचं निमित्त. मग त्या सबबीनंतर पुढच्या फेरीची सबब, आणि टेलरताई रोज सकाळी भाडेकरूंना वैताग देत फुंकत राहतील, आपल्याच छातीला दोष देत.

“भाऊजी,” ती म्हणाली.

“हां, वहिनी?” डॉक्टर पिशव्यांचे बंद आवळत होते. त्यांनी वर पाहिलं नाही.

“जरा थांबा. बसा.”

ती असं कधी म्हणत नसे. डॉक्टर बसले. कॅशियर दाराकडे निघाले होते, तेही थबकले. तिला वाटलं होतं की आपला आवाज कापेल. तो कापला नाही. कापला असता तर बरं झालं असतं, कुणाला दया तरी आली असती. तिने टेलरताईंकडे पाहिलं, कारण ते दुसऱ्या कुणाकडे बघून बोलण्यासारखं नव्हतं.

“मागच्या वेळी तुमची शिट्टी नीट वाजली होती. दमही होता. वाराही माझ्याकडेच होता. मला बारीक आवाज ऐकू येत नाहीत, वर्षापासून. मला तेव्हाही ठाऊक होतं. आत्ता बोळात मी कुत्र्याचे कान बघून हात वर केला, आणि शेवटचा नुसता अंदाजाने.”

टेलरताईंच्या हातातला दोरा तसाच राहिला. ह्या वेळची शांतता खरी होती, हे तिला चेहऱ्यांवरून कळत होतं.

“उद्या शेवटी मी चालणार नाही, भाऊजी,” ती म्हणाली. “मला मधे घ्या, जिथे पुढचा-मागचा माणूस मला दिसेल. शेवटी टेलरताईंना ठेवा.”